बाटली आपली, मेज दुसऱ्याचे

गेल्या वर्षी आमच्या चुलतदादांच्या मुलीचे लग्न ठरले. मुलाकडची मंडळी कात्र बोर्नची, चांगली शिकलेली, मोजके बोलणारी. साखरपुड्याआधी दोन्ही घरच्या माणसांनी एकदा निवांत जेवावे असे ठरले, आणि वहिनींना स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून दादांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात दहा जणांचे मेज राखून ठेवले. दादांचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याने सुट्टीत येताना तिकडच्या तांबड्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. तो म्हणाला, "आबा, विकत कशाला घेता? या घेऊन जाऊ. तिकडे आम्ही सगळेच आपापली बाटली नेतो."

दादांना ते पटले. बाटल्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, आणि ती पिशवी खुर्चीखाली ठेवली. वेटर आला, त्याने पिशवी पाहिली, काही बोलला नाही. मागितल्यावर त्याने दोन्ही बाटल्या उघडल्या, पेले आणले, वाइन ओतली. जेवण छान झाले. मग बिल आले. त्यात जेवणाच्या खाली एक ओळ होती, 'द्र्वा द बुशों', आणि तिच्यापुढे १,००० रुपये.

आमच्या वहिनींनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "अहो, आपण बुशों मागवलेच नव्हते." वहिनी लग्नाआधी काही वर्षे रेयुनियोंला बहिणीकडे राहिलेल्या. तिथे वाफवलेल्या मांसाच्या छोट्या गोळ्यांना बुशों म्हणतात. मेजावर थोडे हसू झाले. पण वेटरने हळू आवाजात सांगितले, की हे बाटल्यांचे बूच काढण्याचे पैसे आहेत, एका बाटलीचे ५००. तेव्हा दादांचे हसू मावळले. ते क्रिओलमध्ये मोठ्याने म्हणाले, "बाटली आमची, पिणारे आम्ही, आणि नुसते बूच काढायचे हजार रुपये? ही काय लूट आहे!" आजूबाजूच्या मेजांवरची माणसे वळून पाहू लागली. व्याहीबुवा पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिले. विहीणबाईंनी पदर सावरला. पुतणी मान खाली घालून बसली.

आणि तो वेटर आमच्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, मी आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

तेव्हा आम्ही त्याला ओळखले. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसत असे. अक्षर सुंदर, स्वभाव लाजरा. त्याची चूक होती की आमची, हे त्या क्षणी सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. दादांनी पैसे मोजून मेजावर टाकले, एक रुपयाही वर ठेवला नाही, आणि आम्ही सारे बाहेर पडलो. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही.

हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे, की आपल्या बऱ्याच घरांत आता वाढदिवस, निवृत्ती, परीक्षेचे यश असे सोहळे बाहेर जेवून साजरे होतात. मुले मेलबर्नला, पॅरिसला, लंडनला असतात. येताना बाटली आणतात. ती कुठे, कशी, किती पैसे देऊन प्यावी याचे शिक्षण मात्र कोणी आपल्याला दिलेले नाही. आपल्या आजा-पणजांना उसाच्या शेतावरची रम माहीत होती, उपाहारगृहाचे मेज माहीत नव्हते. म्हणून त्या रात्रीनंतर आम्ही जे विचारून, वाचून आणि हिशेब करून शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो.

एक गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. हा लेख मद्यपानाची शिफारस नव्हे. ज्यांच्या घरी दारूने संसार मोडले त्यांना आम्ही ओळखतो. ज्या घरी घेत नाहीत त्यांनी घेऊ नये, आणि पाहुण्यांना बाटली दाखवल्याने आपला मान वाढतो ही समजूत तर सर्वांनीच सोडावी. पण जे घेतात त्यांनी निदान रीतीने घ्यावी, इतकेच आमचे म्हणणे.

बुचाचे पैसे कशासाठी?

फ्रेंच भाषेत 'बुशों' म्हणजे बूच. बाटलीला बसते ते बूच, आणि पोर्ट लुईच्या रस्त्यावर सकाळी गाड्या अडतात त्यालाही फ्रेंच माणूस बुशोंच म्हणतो. 'द्र्वा द बुशों' म्हणजे बुचाचा हक्क. इंग्रजीत याला कॉर्केज म्हणतात. गिऱ्हाइकाने स्वतःची बाटली आणली तर ती उघडून देण्यासाठी आणि वाढण्यासाठी उपाहारगृह जी रक्कम घेते ती ही. आता पुष्कळ बाटल्यांना बूच नसते, पिळून उघडायचे धातूचे झाकण असते. तरी रक्कम द्यावीच लागते, कारण ती खरे तर बुचाची नसते.

मग कशाची? त्या प्रसंगानंतर काही दिवसांनी आम्ही दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, त्या मुलाला भेटायला गेलो. आधी त्याची माफी मागितली. तो संकोचला, मग बसून त्याने सारे समजावले. आमचा विद्यार्थी आमचा शिक्षक झाला, याचे आम्हाला वाईट वाटले नाही.

दहा माणसांना वाइनचे दहा पेले लागतात. ते पातळ काचेचे असतात, हाताने धुवावे आणि पुसावे लागतात, आणि त्यांतले काही नेहमी फुटतात. पांढऱ्या वाइनला बर्फाचे भांडे लागते. वाढायला माणूस लागतो. हा झाला उघड खर्च. न दिसणारा खर्च वेगळा. उपाहारगृहात वाइनची बाटली दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट दराने विकली जाते, आणि त्या फायद्यावर पुष्कळदा स्वयंपाकघर चालते. मासा ताजा घ्यायचा, आचारी चांगला ठेवायचा, जागेचे भाडे द्यायचे, आणि जेवणाचा दर तर फार वाढवता येत नाही, तेव्हा ती तूट पेयांवर भरून निघते. गिऱ्हाइकाने बाटली बाहेरून आणली की ती मिळकत जाते. त्या बदल्यात थोडे पैसे मागणे ही लूट नाही.

याउलट आपण मिठाईच्या दुकानातून पेढे घेऊन दुसऱ्याच्या चहाच्या दुकानात बसलो आणि बशा मागितल्या, तर तो मालक काय म्हणेल? वाढदिवसाच्या केकचेही तसेच आहे. बाहेरून केक नेला तर कापून, बशांत घालून देण्याचे पैसे काही ठिकाणी घेतात. ऑस्ट्रेलियात तर त्याला कॉर्केजवरून केकेज असे गमतीदार नाव पडले आहे.

पुतण्याची समजूत का चुकली?

पुतण्या खोटे बोलला नव्हता. मेलबर्नला खरोखरच आपली बाटली नेण्याची रीत आहे. तिकडे दारावर 'बी. वाय. ओ.' अशी तीन अक्षरे लिहिलेली असतात, अर्थ असा की तुमची तुम्ही आणा. ही रीत का पडली त्याचा इतिहास मनोरंजक आहे.

व्हिक्टोरिया राज्यात १९१६ पासून १९६६ पर्यंत दारूचे गुत्ते संध्याकाळी सहा वाजता बंद होत. न्यूझीलंडमध्येही १९१७ ते १९६७ हाच कायदा होता. तिथे उपाहारगृहांना वाइन विकण्याचे पहिले परवाने मिळाले ते १९६१ मध्ये, आणि तेही मोजक्यांना. परवाना मिळवणे कठीण आणि खर्चाचे. इटली, ग्रीस, पुढे व्हिएतनामहून आलेल्या कुटुंबांनी छोटी भोजनगृहे काढली, तेव्हा नवराबायको स्वयंपाक करीत आणि मुले वाढीत. परवान्याचा आणि साठ्याचा पैसा त्यांच्याकडे कुठून येणार? मग गिऱ्हाइकाने बाटली आणावी आणि यांनी ती वाढावी, ही दोघांच्या सोयीची वाट निघाली. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली अशा जागांसाठी वेगळा परवानाच निघाला. म्हणजे जी गोष्ट पूर्वी टेबलाखाली लपून चाले ती उजेडात आली.

तेव्हा तिकडे ही रीत गरीब, कष्टाळू, परदेशातून आलेल्या माणसांच्या दुकानांतून वाढली. आपल्यासारख्या, बोटीतून आलेल्यांच्या वंशजांना हे समजायला कठीण जाऊ नये. पण मेलबर्नच्या गल्लीतली रीत आपल्या बेटाच्या किनाऱ्यावर जशीच्या तशी लागू होत नाही. इथल्या बहुतेक मोठ्या जागांकडे स्वतःचा परवाना आणि स्वतःची वाइन असते. काही ठिकाणी आपली बाटली चालते, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. हलाल जेवण देणाऱ्या जागी तर दारू नेण्याचा विचारही करू नये. आणि मेलबर्नलाही सर्वत्र फुकट असते असे नाही. कुठे बाटलीमागे पैसे, कुठे माणसामागे.

आपली मंडळी पूर्वजांचे गाव शोधायला कोकणात जातात, त्यांच्यासाठी एक सूचना. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि जिथे मद्य मिळते त्या जागेला लोक 'परमिट रूम' म्हणतात. नाशिककडे आता चांगली वाइन होते, भेट म्हणून कोणी बाटली देईलही. पण ती घेऊन कोणत्याही खाणावळीत बसू नये. साध्या खाणावळीत ते नियमाविरुद्ध आणि रीतीविरुद्ध, दोन्ही होईल.

थोडा हिशेब

आम्ही शिक्षक, त्यामुळे वही काढल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. समजा, दुकानात एक बाटली ६०० रुपयांना मिळते, तीच उपाहारगृहाच्या यादीत १,५०० ला आहे, आणि बुचाचे पैसे ५०० आहेत. आपली बाटली नेली तर खर्च १,१००. वाचले ४००. पण दुकानात ३०० ला मिळणारी साधी बाटली नेली आणि ५०० बुचाचे दिले, तर खर्च ८००. तशीच साधी वाइन तिथे ७५० ला मिळत असेल तर आपण पन्नास रुपये जास्त देऊन वर पिशवी वाहिली! म्हणून बुचाच्या पैशांपेक्षा स्वस्त बाटली नेण्यात पुष्कळदा शहाणपण नसते.

दुसरा हिशेब आपल्या घरांसाठी अधिक महत्त्वाचा. मेजावर दहा माणसे, त्यांतली वाइन घेणारी फक्त चार. आपल्याकडे आई, सासूबाई, मुले, उपवासाची माणसे घेत नाहीत. बुचाचे पैसे माणसामागे १०० असले आणि दहाही जणांचे लावले तर १,००० होतात. बाटलीमागे २५० असले आणि दोन बाटल्या उघडल्या तर ५००. म्हणून फोनवर विचारताना 'किती?' एवढेच न विचारता 'बाटलीमागे की माणसामागे? न पिणाऱ्यांचेही धरता का?' असे विचारावे. त्यावर १५ टक्के व्हॅट वेगळा की आत धरलेला, हेही विचारून घ्यावे.

बाटली किती न्यावी? नेहमीची बाटली ७५० मिलिलीटरची असते. १५० मिलिलीटरचा पेला धरला तर पाच पेले निघतात. चार जणांना एक पुरते, फार तर दोन. दुप्पट मापाची, दीड लिटरची मोठी बाटली नेली तर पुष्कळ ठिकाणी ती दोन धरतात. 'एकच तर बाटली आहे' असा वाद घालू नये.

रीत कशी असावी?

पहिली गोष्ट फोन. मेज राखतानाच विचारावे, की आम्ही आमची वाइन आणली तर चालेल का. शनिवारी किंवा सणाच्या दिवशी नेहमीचा नियम बदलतो, म्हणून दिवस सांगून विचारावे. नाही म्हणाले तर रागावू नये. घर त्यांचे, नियम त्यांचा.

परवानगी वाइनची असते. रम, व्हिस्की, बियर यांची नसते. गाडीत ठेवलेली रम मेजाखाली पेल्यात ओतणे, थंड पेयाच्या बाटलीत भरून नेणे हे प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. पाहणाऱ्याला सारे दिसते, फक्त करणाऱ्याला वाटते की दिसत नाही. आणि शेजारी बसलेली आपलीच मुले ते शिकतात.

त्यांच्या यादीत आहे तीच वाइन बाहेरून नेणे हा अपमान समजला जातो. काही वेगळे, मुलाने दूरवरून आणलेले, लग्नाच्या वर्षाचे, असे काही असेल तरच नेण्यात अर्थ आहे.

आत शिरताच बाटली हातात द्यावी आणि सांगावे, की फोनवर बोलणे झाले होते. खुर्चीखाली पिशवीत लपवू नये. बाटली पांढऱ्या वाइनची असेल तर घरूनच थंड करून न्यावी, गरम बाटली देऊन दहा मिनिटांत बर्फासारखी करा म्हणू नये. आपल्या हवेत तांबडी वाइनही उन्हातल्या गाडीत ठेवली तर बिघडते. बूच स्वतः काढू नये, वेटरला काढू द्यावे.

वाइन आपली आहे म्हणून जेवणात काटकसर करू नये. दहा माणसांत तीन ताटल्या मागवून तासन् तास बसणे बरे दिसत नाही. निदान पाणी, फळांचा रस, न पिणाऱ्यांचे पेय तिथलेच घ्यावे. काही जागी त्यांची एक बाटली घेतली तर आपल्या एका बाटलीचे पैसे सोडतात, तेही विचारावे. वाइन खास असेल तर मालकाला किंवा वाढणाऱ्याला 'थोडी चाखणार का?' असे युरोप-अमेरिकेत विचारतात. आपल्याकडे सक्ती नाही, पण गोड शब्द कुठेही चालतो. नको म्हणाला तर आग्रह नको, तो कामावर आहे.

उरलेली वाइन बूच लावून घरी न्यावी, गाडीच्या मागच्या डिकीत ठेवून. आणि गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये. आपल्याकडे याबाबतचा कायदा फार कडक आहे, आणि कायदा नसता तरी रस्त्यावरची आई-मुले आपलीच आहेत.

शेवटी बक्षीस. आपल्या बेटावर ते सक्तीचे नाही. पण बुचाचे पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात, वाढणाऱ्याच्या हाती नाही. आपण बाटली आणली म्हणून बिल कमी झाले, पण त्याचे काम कमी झाले नाही. म्हणून ज्या दिवशी आपली बाटली नेऊ त्या दिवशी त्याला विसरू नये.

चूक कोणाची?

त्या दुपारी आम्ही त्या मुलाला हाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गुरुजी, खाद्ययादीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे, पण बारीक अक्षरात. तुम्ही पाहुण्यांबरोबर होतात, पैशाची गोष्ट त्यांच्यासमोर कशी काढायची म्हणून मी गप्प राहिलो." म्हणजे ज्या लाजेने आम्ही गप्प बसलो, त्याच लाजेने तोही गप्प बसला होता. आमचा मान राखायला गेला आणि बोलणी खाऊन बसला. तीन तास उभा राहून त्याने दहा जणांना वाढले होते, आणि त्या रात्री आमच्या मेजावरून त्याला काहीच मिळाले नव्हते. हे त्याने सांगितले नाही. आम्हाला ठाऊक होते.

उपाहारगृहांनीही ही रक्कम मोठ्या अक्षरात लिहावी, आणि बाटली उघडण्याआधी नम्रपणे सांगावी, असे आम्हाला वाटते. आधी सांगितलेली रक्कम माणूस आनंदाने देतो, नंतर कळलेली तीच रक्कम त्याला दंड वाटते. पण विचारण्याची पहिली जबाबदारी बाटली आणणाऱ्याचीच.

आम्ही घरी येऊन दादांना सारे सांगितले. दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या आजाला साहेबाच्या बंगल्याच्या पायरीवर उभं राहायची चोरी होती. मला वाटलं, आज आपण मेजावर बसलो तरी हे आपल्याला फसवतायत. ओरडलो ते त्यामुळे." या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जुना अपमान मनात असतो आणि तो नेमका आपल्याच एखाद्या मुलावर निघतो.

लग्न थाटात झाले. त्यानंतर व्याह्यांना पुन्हा एकदा जेवायला नेण्याचे ठरले, तेव्हा दादा म्हणाले, "तिथेच जाऊ." फोन त्यांनी स्वतः केला. एक बाटली आणणार आहोत, चालेल ना, पैसे किती, सारे विचारले, आणि त्या मुलाचे मेज मिळेल का असेही विचारले. त्या रात्री बाटली त्याच्या हातात देताना दादा म्हणाले, "बाळा, मागच्या वेळी मी चुकलो." तो म्हणाला, "नाही काका, असू दे." बिल आले, त्यात बुशोंची ओळ होती. वहिनी म्हणाल्या, "या वेळी तरी खायचे बुशों मागवायचे होते." व्याहीबुवा मोठ्याने हसले.

दादांनी पैसे दिले, आणि निघताना त्या मुलाच्या हातात एक पाकीट ठेवले. किती होते ते आम्ही विचारले नाही.